चौथीसाठी शाब्दिक गणितांचं सराव पुस्तक – घ्यावं का? (60 रुपये)

आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात, तेवढ्या रिकाम्या वेळात पोरीला काहीतरी असावं म्हणून आठवडी बाजारातल्या स्टेशनरीवाल्याकडून हे घेतलं. पुस्तकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, अशी पाच-सहा एकाच छापाची भेटतात.

यातला पाकिटं-पुड्यांचा धडा लय भारी आहे. 52 मुलं, प्रत्येकाला 2 बिस्किटं, एका पुड्यात 12, पुडे किती घ्यायचे? पोरीनं 104 ला 12 नं भागलं, 8 आले, बाकी 8, आणि उत्तर लिहिलं 8 पुडे. मी म्हटलं मग शेवटच्या चार पोट्ट्यांनी काय खायचं? तर म्हणे "दुकानदार सुटे देत नाही का बाबा?" आता पुडा फोडून कोण देते, 9 च घ्यावे लागतात अन् 4 बिस्किटं उरतात. लगेच खालचं गणित, 50 संत्री, पिशवीत 8 भरायची, भरलेल्या पिशव्या किती? इथं मात्र 6 च, उरलेली 2 सोडून द्यायची. भागाकार तोच पण प्रश्न नीट वाचल्याशिवाय सुटत नाही, हे शेजारी-शेजारी देणाऱ्याला मानलं बुवा. बाकी काढणं शाळेत शिकवतातच, तिचं करायचं काय हे कोणी सांगत नाही.

पेनचं पण मस्त आहे. सुटा 5 रुपये, 10 चं पाकीट 45 ला. 23 पेन पाहिजे तर दोन पाकिटं आणि 3 सुटे, 105 रुपये. 29 पाहिजे असले तर सुटे 9 घ्या का तिसरं पाकीट घ्या, दोन्हीकडून 135 च, मग पाकीटच घ्या ना, एक पेन जास्तीचा येतो! यावर आमच्या घरी तिच्या आजीनं पण डोकं लावलं.

आता खटकलं ते. युरियाच्या गणितात पोतं 50 किलोचं धरलंय. अरे 2018 पासून 45 किलोची बॅग आहे, कापूसवाल्याच्या पोरीले हे सांगाव लागत नाही, तिनं ओसरीतल्या बॅगेवर वाचून दाखवलं. 300 किलो लागत असला तर पुस्तकाप्रमाणे 6 बॅगा, खऱ्यात 7 आणाव्या लागतात.

आणि मागे नुसते आकडे छापलेत, रीत नाही. पोराचं चुकलं तर कुठं चुकलं ते मायबापानंच शोधायचं, म्हणजे ज्या घरी बसून पाहणारं कोणी नाही तिथं अर्धा उपयोग गेला. कागदही पातळ, जेल पेन मागच्या पानावर उमटतो, पेन्सिलच द्या.

भागाकार कच्चा असला तर आधी पाढे पक्के करून घ्या, नाहीतर पोरगं दुसऱ्याच पानावर पुस्तक फेकून देते. येत असला तर 60 रुपयात घेऊन टाका.