प्रोटॉन की एक्स-रे? मेड्युलोब्लास्टोमा झालेल्या मुलाचे रेडिएशन कुठले घ्यावे

ऑपरेशन होऊन गाठीचा रिपोर्ट येतो आणि डॉक्टर सांगतात, आता डोक्याला आणि पूर्ण मणक्याला शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचे. मेड्युलोब्लास्टोमा हा मेंदूचा कॅन्सर लहान मेंदूत सुरू होतो, पण मेंदूभोवतीच्या पाण्यातून पाठीच्या कण्यात उतरू शकतो, म्हणून एवढा मोठा भाग घ्यावा लागतो. (तीन वर्षांखालच्या बाळांना शक्यतो रेडिएशन टाळून केमोवर ठेवतात.) हे शेक नेहमीच्या एक्स-रे किरणांनी देता येतात किंवा प्रोटॉन कणांच्या महागड्या मशीनवर. मग घरात एकच प्रश्न फिरतो: प्रोटॉन परवडेल का?

आधी मनातली मोठी भीती दूर करते. गाठ बरी करण्यात दोन्ही सारखेच आहेत. गाठ जवळजवळ पूर्ण निघाली असेल आणि पसरलेली नसेल, तर पाच वर्षांनी शंभरातली ऐंशीच्या आसपास मुले हयात असतात. एक्स-रे घेतला म्हणून मुलाचा जीव धोक्यात घातला, असे कोणत्याही आईबापाने मनाला लावून घेऊ नये.

फरक आहे तो पुढच्या आयुष्यात. एक्स-रेचा किरण पाठीतून शिरून छाती-पोटातून बाहेर पडतो. वाटेत थायरॉईड, हृदय, फुप्फुसे, आतडी येतात. प्रोटॉन ठरवलेल्या खोलीवर थांबतो. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात प्रोटॉन घेतलेल्या 59 रुग्णांपैकी कोणालाही हृदय, फुप्फुस किंवा पचनाचा उशिराने येणारा त्रास आढळला नाही. मूल जितके लहान, तितका हा फायदा मोठा.

मेंदूचे मात्र तसे नाही. पूर्ण मेंदूला मात्रा दोन्हीकडे मिळते. नंतर गाठीच्या जागेला जी जादा मात्रा देतात, तिथे प्रोटॉन आजूबाजूचा मेंदू अधिक वाचवतो. तरी अभ्यासातला मंदपणा, खुंटणारी उंची, हॉर्मोनची कमतरता हे सगळे प्रोटॉननंतरही होऊ शकते. कानांवर तर सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाचाही परिणाम होतो. वरच्याच अभ्यासात पाच वर्षांनी 16 टक्के रुग्णांना ऐकण्याचा गंभीर त्रास होता.

भारतात प्रोटॉन चेन्नईत 2019 पासून आहे आणि टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या नवी मुंबईतल्या खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये 2023 पासून. खासगीत खर्च कितीतरी पट. एक्स-रेचे लिनॅक मशीन पुणे, नागपूर, संभाजीनगरलाही मिळते. आठवड्याचे पाच दिवस, सुमारे सहा आठवडे, लहानग्याला रोज भूल. घराजवळ असण्याची किंमत तेव्हा कळते. मुंबईत उपचार घेणाऱ्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूडची मोफत निवासकेंद्रे आहेत, त्यांची चौकशी पहिल्याच दिवशी करा.

माझे मत स्पष्ट आहे. खारघरला वेळेत तारीख मिळत असेल तर प्रोटॉनच घ्या. पण ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांत शेक सुरू व्हायला हवेत. सात आठवड्यांपलीकडे गेले तर गाठ परतण्याचा धोका वाढतो. प्रोटॉनसाठी जमीन विकून, रांगेत थांबून तो काळ घालवू नका. मशीन कुठलेही ठरो, पहिल्या शेकाआधी कानांची आणि हॉर्मोनची तपासणी करून तो कागद फाइलमध्ये लावा. दरवर्षीची तपासणी त्याच्याशीच ताडून पाहायची असते.