मोंढ्यातल्या हिशेबाला एसक्यूलाइट की पोस्टग्रेस?

अडत दुकान, कृषी सेवा केंद्र किंवा दूध संकलन असं काही डोळ्यांसमोर असेल, एक्सेलपुढं हात टेकले असतील आणि आता खरा डेटाबेस घ्यायचं ठरलं असेल, तर निवड बहुधा एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेस या दोघांतच येऊन थांबते. मायएसक्यूएल हा तिसरा डेटाबेस कॉलेजात शिकवतात म्हणून पुष्कळांच्या मशीनवर असतं. ते वाईट नाही, पण माझा हात त्यावर बसलेला नाही, म्हणून बाजूला ठेवतो. टेबल, प्रायमरी की, ट्रान्झॅक्शन तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. परभणीच्या मोंढ्यातल्या एका अडत दुकानाचा हिशेब मी आधी एसक्यूलाइटवर चालवला, आता पोस्टग्रेसवर चालवतो, तेव्हा माझा कल कुठं आहे हे लपवण्यात अर्थ नाही.

तरी एसक्यूलाइटचं चांगलं ते मोकळेपणानं सांगतो. सर्व्हर नाही, युजर-पासवर्ड नाही, सगळा डेटाबेस एका फाइलीत. रिचर्ड हिप यांनी २००० साली सुरू केलेलं हे काम आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे. फाइलीचा साचा २००४ पासून टिकून आहे आणि २०५० पर्यंत तो सांभाळायचा बनवणाऱ्यांचा इरादा आहे. पोस्टग्रेसची मात्र दरवर्षी नवी मोठी आवृत्ती येते, प्रत्येकीला पाचेक वर्षं आधार मिळतो, आणि मोठी आवृत्ती बदलताना जुना डेटा रीतसर हलवावा लागतो. दसऱ्यानंतर सोयाबीनची आवक सुरू झाल्यावर हे काम काढू नये, एवढं आपलं माझं मत.

आपल्याकडं पहिला प्रश्न ठरलेला: लाईट गेली तर? खरं सांगायचं तर या मुद्द्यावर दोघांत डावं-उजवं करायला जागा नाही. शेतकऱ्याच्या खात्यात जमा आणि खरेदीदाराच्या नावे टाकणं हे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घातलं असेल, तर मध्येच मशीन बंद पडलं तरी चालू झाल्यावर एक तर दोन्ही नोंदी सापडतात किंवा एकही नाही. मूळ डेटाला हात लावण्याआधी दोघंही सावरायला लागणारी नोंद वेगळी लिहून ठेवतात, त्यातूनच हे साधतं. डिस्कनं ‘लिहिलं’ असं खोटंच सांगितलं तर मात्र दोघांचाही इलाज चालत नाही. तेव्हा पैसे वाचवायचेच तर डिस्कवर वाचवू नका.

दुसरा नेहमीचा मुद्दा, काट्यावर एक माणूस आणि गादीवर दुसरा, दोघं एकदम नोंद करतात. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकालाच लिहिता येतं, दुसऱ्याला थांबावं लागतं. पण एका दुकानाच्या नोंदी अशा कितीशा? थोडा वेळ वाट बघायची सेटिंग केली की भागतं, निदान माझं भागलं. फक्त ती फाइल शेअर्ड फोल्डरात ठेवून दोन मशीनवरून उघडू नका. एक जण लिहीत असताना दुसऱ्याला थांबवणाऱ्या फाइल-लॉकचा नेटवर्कवर भरवसा नसतो, हे एसक्यूलाइटवालेही बजावतात.

माझं मन फिरलं ते एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीमुळं: देवनागरी आकडे.

नावं मराठीत टाकायची म्हणून मुनीमजींचा कीबोर्ड मराठीवर असतो, आणि काही लेआउटमध्ये आकडेही देवनागरीच उमटतात. एसक्यूलाइटमध्ये रकान्याचा प्रकार इंटिजर (पूर्णांक) लिहिला तरी तो हुकूम नसतो, सूचना असते. देवनागरी ‘५०’चा त्याला आकडा करता येत नाही, म्हणून तो ते मजकूर समजून मुकाट ठेवून घेतो. ना एरर, ना इशारा. पट्टीवर चार तोल असले, तीन इंग्रजी आकड्यांत आणि एक देवनागरीत, तर छापून चारही येतात आणि बेरीज तिघांचीच होते. चौथा शून्य धरला जातो. पुढची गंमत अशी की तुलना करताना मजकूर हा कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा मानतात. शंभर क्विंटलच्या वर माल कुणी आणला अशी यादी मागितली की देवनागरी पाच क्विंटलवालाही त्यात येऊन बसतो. डोळ्यांना दोन्ही आकडे बरोबरच दिसतात, त्यामुळं ताळेबंद जुळेना झाला की शोधायचं काय हेच कळत नाही. एसक्यूलाइटवाले या सैलपणाला दोष मानत नाहीत, सोय म्हणतात. फोनमधल्या ॲपसाठी ती असेलही.

हीच नोंद पोस्टग्रेस घेतच नाही. इंटिजर असो की न्यूमेरिक (नेमक्या दशांशाचा प्रकार), देवनागरी आकडा दिसला की एरर देऊन परत पाठवतो. एकतीस फेब्रुवारी तारीख टाकली तरी तेच. एसक्यूलाइटला तारखेचा वेगळा प्रकारच नाही, त्यामुळं तिथं एकतीस फेब्रुवारीही सुखानं नांदते. पैशांचं म्हणाल तर पोस्टग्रेसचा न्यूमेरिक पै न पै नेमकी ठेवतो. एसक्यूलाइटमध्ये अपूर्णांक फ्लोट, म्हणजे नेमके नसून जवळपासचे आकडे, होऊन बसतात, म्हणून रक्कम पैशांत, पूर्णांक करून ठेवावी लागते. खात्यात नसलेल्या शेतकऱ्याच्या नावानं पट्टी फाडायची म्हटली तर पोस्टग्रेस फॉरेन की (ते नाव दुसऱ्या टेबलात असायलाच हवं ही अट) दाखवून अडवतो. एसक्यूलाइटमध्ये ती तपासणी मुळात बंद असते, दर कनेक्शनला आठवणीनं चालू करावी लागते. एकूण पोस्टग्रेस म्हणजे जुना खडूस मुनीम, वही हातात घेण्याआधीच चूक दाखवणारा. सुरुवातीला चीड येते.

कुणी म्हणेल, हे नोंद भरायच्या स्क्रीनवरच्या फॉर्मनं पकडायला हवं होतं. बरोबर आहे. पण नोंद फॉर्ममधूनच येते असं थोडंच आहे? जुन्या एक्सेलमधून डेटा ओतला जातो, कधी कुणी थेट फाइल उघडून दुरुस्ती करतं. प्रत्येक दारावर पहारा ठेवण्यापेक्षा डेटाबेसनंच नाही म्हणावं, हे मला तरी बरं वाटतं.

एकट्याचं, एकाच मशीनवरचं काम असेल, किंवा गावोगाव फिरून फोनवर नोंदी घ्यायच्या असतील, तर एसक्यूलाइट घ्यायला माझी ना नाही. फक्त टेबल बनवतानाच त्याला ‘स्ट्रिक्ट’ शब्द जोडा. ही सोय २०२१ च्या ३.३७ आवृत्तीपासून आहे आणि त्यात देवनागरी आकडा इंटिजरच्या रकान्यात शिरत नाही. चालू टेबल नंतर स्ट्रिक्ट करता येत नाही, नवं बनवून डेटा त्यात हलवावा लागतो. तारखेचा प्रश्न तरीही उरतोच. बाकी, दोन माणसं, पैशांचा व्यवहार आणि वर्षाअखेरीचा ताळेबंद असेल, तर मी पोस्टग्रेसच टाकीन, पीजीडंप या पोस्टग्रेसच्याच साधनाचा रोजचा बॅकअप लावून.

माझ्या शब्दावर जाऊ नका. दोन्हीकडं एकेक साधं टेबल बनवा, वजनाच्या रकान्यात देवनागरी पन्नास टाका आणि बेरीज मागा.