एक कडेवर, एक बोटाला: डबल स्ट्रोलरचे अकरा महिने

दोन मुलांची ही बाबागाडी घेतली मागच्या ऑक्टोबरात. तेव्हा मोठी बावीस महिन्यांची होती आणि धाकटा यायला तीन आठवडे होते. आता धाकटा सोफा धरून उभा राहतो आणि मोठी "मी चालणार" म्हणून रस्त्यात बसकण मारते. आम्ही जर्सी सिटीत राहतो, जर्नल स्क्वेअरपासून चालत दहा मिनिटांवर, एका जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावर. रस्त्यापासून मुख्य दारापर्यंत पाच दगडी पायऱ्या. खरेदी करताना मी चाकं, कापड, रंग, कप ठेवायची जागा, सगळं पाहिलं. त्या पाच पायऱ्या सोडून.

ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझ्या निम्म्या तक्रारी या जातीच्या सगळ्याच गाड्यांना लागू पडतील आणि उरलेल्या अर्ध्यांत चूक माझीच आहे. जात म्हणजे कन्व्हर्टिबल: सांगाडा एकच, त्यावर आज एक सीट, उद्या दुसरी खालच्या बाजूला अडकवायची. एक मूल वर, एक खाली, रुंदी सिंगलइतकीच. अप्पाबेबी व्हिस्टा हे यातलं इथे सगळ्यात जास्त दिसणारं नाव. तिची दुसरी सीट, म्हणजे रंबल सीट, वेगळी विकत घ्यावी लागते आणि ती ३५ पाउंडांपर्यंतच्या मुलासाठी आहे. दुसरा प्रकार शेजारी-शेजारीचा. त्यात बुगाबू डाँकीसारखी गाडी एका मुलासाठी अरुंद ठेवता येते आणि दोघांसाठी रुंद करता येते, पण रुंद केल्यावर ती ७४ सेंटिमीटर होते, म्हणजे २९ इंच. आमचं मुख्य दार मोजलं तर साडेअठ्ठावीस. विषय तिथेच संपला. नव्या इमारतींत हा प्रश्न सहसा येत नाही, पण जुन्या घरात राहत असाल तर दुकानात जाण्याआधी टेप घेऊन दार मोजा, आणि दार पूर्ण उघडल्यावर त्याची स्वतःची जाडी जेवढी जागा खाते तीही वजा करा.

सिझेरियन झालं. डॉक्टरांनी बजावलं, सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. आणि ही गाडी एका सीटसकट २७ पाउंड, दुसरी सीट ६, वर मोठी २७ आणि बाळ ८. दोघांना बसवून सत्तरच्या आसपास. सपाट रस्त्यावर ती लोण्यासारखी चालते, एका हाताने वळते, खोटं बोलणार नाही. पण पाच पायऱ्यांपुढे मी आणि ती दोघीही हतबल. आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. ती मोठीला बोटाला धरून खाली न्यायची, मग बाळाचं बॅसिनेट, म्हणजे गाडीवर बसणारा सपाट पाळणा, आणि संध्याकाळी नवरा आला की सांगाडा. म्हणजे ज्या दिवसांसाठी गाडी घेतली त्याच दिवसांत मी तिच्यासाठी नवऱ्याची वाट बघत बसले. सांगाडा खाली पॅसेजमध्ये ठेवून पाहिला, तर घरमालकाने दुसऱ्याच दिवशी सांगितलं, जाण्यायेण्याची वाट अडते, आग लागली तर काय. त्याचं म्हणणं बरोबरच होतं, पण मला त्या दिवशी ते पटलं नाही.

आईचं मत पहिल्या दिवसापासून ठाम: "आमच्या वेळी एक कडेवर आणि एक बोटाला. एवढ्या पैशांत तर स्कूटर आली असती." तरी बाबागाडी ढकलायला सगळ्यांत पुढे तीच. तिची एक सवय मात्र मोडावी लागली. बाळाला ऊन लागू नये आणि दृष्टही लागू नये म्हणून ती हुडावर ओढणी पांघरायची, चारी बाजूंनी खोचून. लहान बाळ असताना कापडाने गाडी अशी झाकली की आत हवा कोंडते आणि उष्णता वाढते. पिडिअॅट्रिशियनने हे समजावलं तेव्हा तिने ओढणी काढली आणि काजळाची तीट दुप्पट मोठी केली.

नवजात बाळासाठी दोन पर्याय असतात: सपाट बॅसिनेट, किंवा अडॅप्टर लावून कार सीट. सोय कार सीटची जास्त. मोटारीतून काढली, बाबागाडीवर खटकन बसवली, बाळ उठतही नाही. मोह होतो. पण अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सचा सल्ला स्पष्ट आहे: बसत्या सीटमध्ये रोजची झोप नको, विशेषतः पहिल्या चार महिन्यांत, कारण मान पुढे झुकून श्वास अडू शकतो. बाळ झोपलंच तर जमेल तितक्या लवकर सपाट जागी हलवायचं. आम्ही डॉक्टरांकडे जाताना कार सीट आणि फिरायला बॅसिनेट असं ठरवलं. बॅसिनेट मार्चपर्यंत पुरलं, मग तो हातांवर उठायला लागला आणि ते बंद केलं.

आता बसण्याचा क्रम. वर बाळ माझ्याकडे तोंड करून, खाली मोठी पुढे तोंड करून. चित्रात छान दिसतं. खरं तर मोठीला समोर रस्ता दिसतो, पण डोक्यावर भावाचा पाळणा. एरवी जिची गाडी होती तिला तळमजल्यावर पाठवल्याचं तिला लगेच कळलं. दुसऱ्याच आठवड्यात खालून पायाने बॅसिनेटला लाथा. मग उलटं केलं, ती वर आणि तो खाली. तर बाळ रडलं की मला वाकून बघावं लागायचं आणि टाके ओढायचे. तीन आठवडे अशी बदलाबदली करून शेवटी मोठीशी तह झाला: जाताना ती खाली आणि येताना माझ्या सोबत चालत, हातात कुरमुऱ्यांचा डबा. जाहिरातीत मांडणीचे किती प्रकार ते मोठ्या अक्षरात लिहितात. आम्ही दोनच वापरले. खालची सीट लावली की सामानाच्या टोपलीत हात जेमतेम जातो, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं.

सगळ्यात वाईट दिवस फेब्रुवारीतला, आणि दोष शंभर टक्के माझा. न्यूअर्क अॅव्हेन्यूवरच्या किराणा दुकानांतून कणकेची २० पाउंडांची पिशवी घेतली, टोपलीत मावेना म्हणून हँडलला अडकवली. दारापाशी मोठीचा पट्टा सोडला, ती उडी मारून उतरली. पुढचं वजन गेलं आणि अख्खी गाडी मागे कलंडली, बाळासकट. तेव्हा बॅसिनेट घरी होतं, तो कार सीटमध्ये पट्ट्यात होता, म्हणून काही झालं नाही. हँडलला पिशवी लावू नका असं गाडीवर चित्रासकट छापलेलं आहे. मी ते अकरा महिने रोज पाहते. त्या दिवसानंतर उतरवताना आधी ब्रेक, मग पिशव्या, शेवटी मोठी.

बर्फात ही गाडी बरी चालली, कारण मागची चाकं मोठी आणि फोम भरलेली, पंक्चरची भीती नाही. पण फुटपाथवर टाकलेलं मीठ बेअरिंगमध्ये जातं. एप्रिलपर्यंत पुढचं उजवं चाक दर फेऱ्याला कुरकुरत होतं. नवऱ्याने चाकं काढून कोमट पाण्याने धुतली, वाळवली आणि सिलिकॉन स्प्रे मारला, आवाज गेला. कापड धुता येतं, पण वाळायला दीड दिवस लागतो, तेव्हा ते शुक्रवारी रात्री धुवा. आणि सीटच्या फटींतला बिस्किटाचा चुरा व्हॅक्यूमनेही निघत नाही, जुना टूथब्रश लागतो.

लाइट रेलमध्ये अडचण शून्य, डबा प्लॅटफॉर्मच्या पातळीत असल्याने सरळ आत. पाथमध्ये, म्हणजे मॅनहॅटनला जाणाऱ्या मेट्रोत, स्टेशन बघून जावं लागतं: ग्रोव्ह स्ट्रीट, जर्नल स्क्वेअर, ३३ व्या स्ट्रीटला लिफ्ट आहे, मॅनहॅटनमधल्या क्रिस्टोफर स्ट्रीट, ९, १४ आणि २३ व्या स्ट्रीटला नाही. दोन मुलं घेऊन एकटी असेन तर मी तिकडे जातच नाही. लिबर्टी स्टेट पार्कच्या पाण्याकाठच्या रस्त्यावर मात्र ही गाडी जे सुख देते त्याला तोड नाही. तिथे दोघं एकदमच झोपायची. वीस मिनिटं, पण एकदम.

पैशांचं. सांगाडा आणि पहिली सीट नवीन घेतली, दुसरी सीट वापरलेली. स्वस्तात मिळाली म्हणून उड्या मारल्या आणि घरी आल्यावर कळलं की ती आधीच्या मॉडेलची आहे, आमच्या सांगाड्यात अडकते पण लॉक होत नाही. ती तशीच परत विकली, थोडं नुकसान सोसून, आणि जुळणारी घेतली. वापरलेलं घ्यायचं असेल तर लेबलवरचा मॉडेल क्रमांक आणि उत्पादनाची तारीख जुळवा, आणि सीपीएससीच्या, म्हणजे ग्राहक वस्तूंची सुरक्षितता पाहणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेच्या, संकेतस्थळावर तो क्रमांक रिकॉलच्या, म्हणजे दोषामुळे परत मागवलेल्या वस्तूंच्या, यादीत नाही ना हे पाहा. नव्या गाडीबरोबर नोंदणीचं कार्ड येतं, रिकॉल झालं तर कंपनी त्या पत्त्यावर कळवते; जुनी घेणाऱ्याला कोण कळवणार?

जुलैनंतर मोठीने खालच्या सीटवर बसणं जवळजवळ सोडलं. ऑगस्टमध्ये मागे उभं राहायची चाकांची फळी घेतली, ती तिला फार आवडते. म्हणजे दोन्ही सीट खऱ्या अर्थाने वापरल्या त्या साधारण आठ महिने, त्यातही थंडीचे दोन महिने आम्ही बहुतेक घरातच. उरलेला सगळा काळ ही एक जड सिंगल गाडी आहे. म्हणून मला आता वाटतं, दुकानात दोन्ही सीट लावून पाहणं ठीक, पण मुख्य परीक्षा एकच सीट लावून घ्यावी: दहा किलोची तांदळाची पिशवी सीटवर ठेवा, एका हाताने वळवा, फुटपाथच्या कडेवर चढवा, मग घडी करून स्वतः उचला. नवऱ्याला उचलायला लावू नका. आमच्या सेडानच्या डिकीत ती मागची चाकं काढूनच बसते, हे मला दुकानातच कळलं असतं.

दोघांमध्ये अडीच-तीन वर्षांचं अंतर असेल तर ही गाडी मी घेणार नाही. हलकी सिंगल, उभं राहायची फळी आणि बाळासाठी बेबी कॅरियर एवढ्यावर निभेल. टाके भरून आल्यावर मीही कितीदा तेच केलं. अंतर दोन वर्षांच्या आत असेल, लिफ्ट असेल किंवा घर तळमजल्यावर असेल, तर घ्या. आईला हे वाचून दाखवलं फोनवर. म्हणाली, पायऱ्यांचं मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं. म्हटलं होतं खरं.