पहिल्यांदा घर सोडताना: एकटं राहावं की वाटून?

नोकरी लागलेल्या भाचीचा प्रश्न: स्वतंत्र खोली घेऊ की तिघींबरोबर फ्लॅट?

खर्चात वाटून राहणं सरळ स्वस्त. भाडं, वीज, इंटरनेट, डिपॉझिट सगळंच विभागलं जातं. शिवाय फ्रिज, गॅस, भांडी आधीपासून असतात. एकटीला बादली-झाडूपासून सुरुवात करावी लागते, आणि पहिल्या महिन्यात हाच खर्च अंगावर येतो. पण करारावर नावं कोणाची आहेत ते नीट वाच. सगळ्यांची एकत्र असतील, तर एकजण मध्येच निघून गेली की तिचा वाटा बाकीच्यांच्या गळ्यात पडू शकतो.

कष्ट एकटीला जास्त, पण हिशोब स्वच्छ. वाटून राहताना भांडणं पैशांपेक्षा सिंकमधल्या खरकट्या कढईवरूनच जास्त होतात. कामांची वाटणी पहिल्याच आठवड्यात ठरवा.

शांतता अर्थातच एकटीला. मात्र रात्री ताप चढला तर पाणी द्यायला कोणी नसतं, हे मला फार मोठं वाटतं.

हातात तीन-चार महिन्यांच्या खर्चाची शिल्लक असेल, रात्रपाळी किंवा अभ्यास असेल, तर स्वतंत्र खोली. पगार नवा, शहर अनोळखी असेल, तर पहिलं वर्ष वाटूनच राहा.