रात्रीतून बसणारी गाडी : बलून बदलावा, कॉम्प्रेसर बदलावा की सरळ कॉइल बसवावी?

संत्र्याच्या बहाराचे पैसे हाती आले की आमच्या वरुड-मोर्शी पट्ट्यात कुणाच्या तरी दारात एखादी जुनी, मोठी गाडी येऊन उभी राहते. दहा-बारा वर्षांची परदेशी एसयूव्ही आता नव्या मध्यम गाडीच्या पैशात मिळते. घेताना इंजिन पाहिलं जातं, टायर पाहिले जातात. खाली लोखंडी स्प्रिंगच्या जागी हवेने भरलेले रबरी बलून आहेत, हे मात्र बऱ्याच जणांना एखाद्या सकाळी गाडी एका कोपऱ्यावर बसलेली दिसली की कळतं.

मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं बलूनमध्ये हवा भरणारा कॉम्प्रेसर टाका, कुणी म्हणतं बलून टाका, कुणी म्हणतं हे सगळं काढून फेका आणि कॉइल, म्हणजे साधी लोखंडी स्प्रिंग बसवा. आमच्या घरात अशा दोन गाड्या होत्या, एक माझी आणि एक चुलतभावाची. माझ्या गाडीला नवे बलून पडले, भावाने कॉइल बसवली. मला दोन्ही निर्णय बरोबर वाटतात, आणि ते का हे सांगायलाच हे लिहितोय. पण त्याआधी चुकलेल्या खर्चाबद्दल.

माझ्या गाडीचा मागचा डावा कोपरा बसायचा. शहरातल्या एका गॅरेजने कॉम्प्रेसर गेलाय म्हणून नवा टाकला. जुना खरंच गेला होता, पण तो का गेला हे ना त्यांनी पाहिलं, ना मी विचारलं. दोन महिन्यांत नवाही गेला. शेवटी ट्रॅव्हल्सच्या बसगाड्यांचं काम करणाऱ्या एका मिस्त्रीकडे गेलो. त्याचा पहिला प्रश्न होता, "भाऊ, रातच्यानं बसते का चालता चालता बसते?"

आपल्या भागात हवेच्या सस्पेन्शनवर हात बसलेली माणसं बसच्या गॅरेजमध्येच भेटतात, कारण बसलाही बलूनच असतात. फरक एवढाच की बसचा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो आणि ब्रेकलाही हवा पुरवतो. बलून थोडा गळत असला तरी इंजिन सुरू आहे तोवर बस उभी राहते. कारचा कॉम्प्रेसर लहान, विजेवर चालणारा, काही मिनिटं चालून थांबण्यासाठी बनवलेला. बलून गळू लागला की तो वारंवार सुरू होतो, तापतो, त्याच्या पिस्टनची रिंग झिजते. हवेतली ओल शोषणारे दाणे ड्रायरमध्ये असतात, तेही ओले होऊन बसतात आणि पाणी व्हॉल्व्हपर्यंत पोचतं. म्हणजे बलूनच्या दुखण्याने कॉम्प्रेसर मरतो. मिस्त्रीच्या प्रश्नाचा अर्थ मला तेव्हा कळला. उभी असताना बसते ती गळती. सुरू केल्यावरही उठत नाही, तर कॉम्प्रेसर, त्याचा रिले (त्याची वीज चालू-बंद करणारा स्विच) किंवा फ्यूज. आणि गाडी कायम तेवढीच तिरकी, रात्रीतून काही फरक नाही, तर उंची मोजणारा सेन्सर किंवा त्याची छोटी दांडी पाहायची. आमच्याकडे सोयाबीनच्या पोत्यांशेजारी गाडी उभी करतात, तिथे सेन्सरची वायर उंदरांनी कुरतडलेलीही मी पाहिली आहे.

पुढचं काम घरी करता येतं. सपाट जागी गाडी उभी करा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने चारही कोपरे मोजा, लिहून ठेवा, सकाळी गाडी सुरू करण्याआधी पुन्हा मोजा. काही गाड्या बंद असतानाही मधूनमधून जाग्या होतात आणि सर्वांत खाली गेलेल्या कोपऱ्याच्या बरोबरीला बाकीचे कोपरे आणतात. लॅंड रोव्हरच्या डिस्कव्हरी ३ ची ही सवय माहितीतली आहे. अशा गाडीत गळतो एक आणि बसतात चारही. तेव्हा रात्री सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवायचा, म्हणजे दोषी कोपरा एकटा पडतो.

कोपरा कळला की गाडी सर्वांत उंच ठेवून शॅम्पूचं पाणी फवारायचं. बलूनचं रबर खालच्या बाजूला जिथे दुमडतं तिथेच भेगा पडतात, आणि ती घडी उलगडल्याशिवाय त्या दिसत नाहीत. आपली काळी माती याच घडीत जाऊन बसते. पांदणीतून आलेल्या गाडीचा चिखल तिथे वाळतो, आणि मग प्रत्येक खड्ड्यात रबर त्यावर घासतं. वरून मे महिन्याचं ४५ अंशांपुढचं ऊन. माझ्या बलूनवर केसाएवढी बारीक भेग होती, तिच्यातून साबणाचा फेस हळूहळू फुगत होता.

बलूनवर फेस नाही आला तर नळी आणि तिचा जोड. तिथेही नाही, तर व्हॉल्व्ह ब्लॉक, म्हणजे चारही कोपऱ्यांना हवा वाटून देणारा व्हॉल्व्हचा ठोकळा. बस मिस्त्रीची युक्ती अशी : हवा सोडून ब्लॉकवरच्या दोन कोपऱ्यांच्या नळ्या आपसात बदलायच्या, पुन्हा हवा भरायची आणि रात्रभर गाडी तशीच ठेवायची. बसणारा कोपरा बदलला तर दोष ब्लॉकचा, तोच राहिला तर बलूनचा किंवा नळीचा. नळीच गळत असेल तर नशीब समजा, तेवढा भाग सरळ कापून त्याच मापाचा जोड टाकता येतो. फक्त त्या जोडावर किती दाबाचा आहे हे वाचून घ्या, कारखान्यात वापरतात तो कोणताही चालत नाही.

हे करताना कुणीही नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. हवा गेली की अशी गाडी एका क्षणात खाली येते. खाली घट्ट स्टॅंड लावा आणि गाडीत जॅक मोड (गाडीने आपोआप उंची बदलू नये म्हणून दिलेली सोय) असेल तर तो लावा. बसलेली गाडी नागपूरपर्यंत हाकत नेणंही टाळा. शंभरेक किलोमीटरमध्ये चाक मडगार्डला घासतं आणि चिमटलेला बलून पुरता फाटतो. चारही चाकं वर घेणाऱ्या गाडीवरच न्या.

आता निवड. अधिकृत वर्कशॉपचा मूळ पार्ट सगळ्यांत महाग. त्याबदल्यात हमी मिळते, आणि बसवल्यावर गाडीला तिची उंची कॉम्प्युटरवर नव्याने शिकवावी लागते तेही तिथे नीट होतं. गाडी चार-पाच वर्षांची असेल आणि पुढे विकायची असेल तर हाच मार्ग घ्या.

मी दुसरा मार्ग घेतला : नावाजलेल्या कंपनीचा, मूळ नसलेला पण नवा बलून. आर्नॉट, डनलॉप, कॉन्टिनेंटल ही नावं या कामातली आहेत, पण विकणारा खात्रीचा हवा. हा मार्ग मागच्या बाजूला सोपा पडतो, कारण अनेक गाड्यांत मागे बलून वेगळा आणि शॉकअब्सॉर्बर वेगळा असतो. पुढे बहुधा दोन्ही एकाच स्ट्रटमध्ये असतात, तिथे अख्खा स्ट्रट किंवा रिबिल्ट घ्यावा लागतो. रिबिल्ट म्हणजे जुन्या शॉकवर नवं रबर, तेव्हा शॉक तेल गाळत नाही ना हे आधी पाहा. मी मागचे दोन्ही बलून एकदमच बदलले. दोन्ही एकाच वयाचे, एकाच रस्त्यावर चाललेले. सोबत कॉम्प्रेसर आणि त्याचा रिलेही नवा, कारण रिलेचे पॉइंट चिकटले की कॉम्प्रेसर थांबतच नाही. आणि एक गोष्ट मिस्त्रीने माझ्याकडून घोकून घेतली : नव्या बलूनमध्ये हवा भरल्याशिवाय गाडीचं वजन त्यावर टाकायचं नाही. रिकामा बलून चुकीचा दुमडतो आणि पहिल्याच दिवशी फाटतो.

भंगारातला जुना बलून घेऊ नका. हवेविना दुमडून पडलेलं रबर तुमच्याकडच्यापेक्षाही वाईट असू शकतं. पंक्चरच्या सोल्युशनने लावलेली पट्टीही टिकत नाही.

भावाची गोष्ट वेगळी होती. त्याचे पुढचे दोन्ही स्ट्रट गेलेले, मागचा एक बलून गेलेला, व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये पाणी. गाडी पंधरा वर्षांची, तिचं काम शेत ते मंडी. चारही बाजू नव्या करायचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जात होता. त्याने त्याच गाडीसाठी बनलेला कॉइलचा पूर्ण संच बसवला. आता कोणताही मिस्त्री ती दुरुस्त करतो, आणि पावसाळ्यात बंद पडून राहण्याची भीती गेली. पण उंची वर-खाली करता येत नाही, मागे क्रेट भरले की मागची बाजू दबते, आणि डॅशबोर्डवरचा दिवा घालवायला वेगळं काम करून घ्यावं लागलं. चाल कडक झाली. नवीन गाडीचं असं करू नका, विकताना किंमत पडते. बसवण्याआधी विमा कंपनीला लेखी कळवा आणि आरटीओत विचारून घ्या, गाडीतल्या बदलांवर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ची बंधनं आहेत.

एकच कोपरा गळत असेल तर कॉइलचा विचार मनात आणू नका. तीन कोपरे गेले असतील आणि गाडी जुनी असेल तर बलूनच्या मागे लागू नका. मधल्या स्थितीत, म्हणजे दोन कोपरे गेलेत आणि गाडी आठ-दहा वर्षांची आहे, मी बलूनच टाकेन, कारण वरुडहून अमरावतीच्या दवाखान्यात आईला नेताना ती मागच्या सीटवर झोपून जाते.

आणि गाडी अजून घ्यायचीच असेल तर मालकाला सांगा की आदल्या संध्याकाळपासून ती बंदच ठेव. सकाळी लवकर जा, चावी फिरवण्याआधी चारही कोपरे मोजा. मग सुरू करून सर्वांत उंच करायला सांगा आणि गाडीला वर यायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहा.