बिऱ्हाड पाठीवर घ्यावे की नाही: यूटाच्या कॅनियन प्रदेशात आर.व्ही. आणि गाडी यांची तुलना

लास व्हेगासहून निघून झायन, ब्राइस कॅनियन, कॅपिटल रीफ, कॅनियनलँड्स आणि आर्चेस ही दक्षिण यूटातील पाच राष्ट्रीय उद्याने एकाच फेरीत पाहायची ठरली, की अमेरिकेतील मराठी घरांत लवकरच प्रश्न निघतो तो आर.व्ही., म्हणजे आत झोपण्या-जेवणाची सोय असलेले चालते घर, भाड्याने घ्यावी, की नेहमीची गाडी घेऊन मोटेलांत उतरावे, हा. वरवर हा खर्चाचा प्रश्न वाटतो. मात्र या विशिष्ट प्रदेशात तो रस्त्यांचा, वाहनाच्या मापांचा आणि सोबत कोण आहे याचा अधिक आहे, आणि खर्चाचा हिशेब त्यानंतर येतो.

भाड्याने सर्वसाधारणपणे मिळते ती ‘क्लास सी’ प्रकारची आर.व्ही.; म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली, चालकाच्या डोक्यावर पलंग असलेली, सुमारे २५ फूट लांब, १२ फुटांच्या आसपास उंच आणि ८ फुटांहून थोडी अधिक रुंद. ती चालवण्यासाठी नेहमीचा परवाना पुरतो. पुढील तुलना मुख्यतः हिच्याविषयी आहे.

या मापांचा पहिला फटका झायनमध्येच बसतो. झायनच्या दरीतून पूर्वेकडे, म्हणजे ब्राइसकडे, जाणारा सरळ रस्ता १९३० साली पूर्ण झालेल्या १.१ मैल लांबीच्या झायन-माउंट कार्मेल बोगद्यातून जातो. मोटारी लहान होत्या त्या काळात खोदलेला हा बोगदा कमानीचा असल्यामुळे उंच वाहनाला त्याच्या मधूनच जावे लागते. ११ फूट ४ इंच उंची किंवा आरसे धरून ७ फूट १० इंच रुंदी गाठणाऱ्या वाहनांसाठी अनेक वर्षे रेंजर, म्हणजे उद्यानाचे रक्षक, समोरची वाहतूक थांबवत आणि शुल्क घेऊन त्यांना पार करत. २०२६ च्या मध्यापासून मात्र अशी मोठी वाहने या मार्गावरून जाऊ न देता दुसरीकडून वळवण्याचे उद्यानाने जाहीर केले. म्हणजे भाड्याच्या आर.व्ही.ने ब्राइस गाठायचे तर हरिकेन, फ्रेडोनिया, कनॅब असा वळसा घालावा लागतो. वळशाच्या वेळेपेक्षा मला अधिक खटकते ते हे, की बोगद्यापलीकडची चेकरबोर्ड मेसा ही चौकटी पडलेली खडकाळ टेकडी आणि बोगद्याच्या तोंडाशीच सुरू होणारी कॅनियन ओव्हरलुकची छोटी पायवाट या वाटेत राहत नाहीत. गाडीवाल्याला या दोन्ही गोष्टी जाता जाता मिळतात.

दरीच्या आत मात्र पारडे उलटे झुकते. झायनमध्ये २००० सालापासून शटल बस आहे आणि वर्षाचा बराच काळ दरीतल्या मुख्य रस्त्यावर खासगी वाहनांना बंदीच असते, त्यामुळे तेथे वाहन कोणते आहे याला अर्थ उरत नाही. वॉचमन कॅम्पग्राउंडमध्ये जागा मिळणे कठीण असले, तरी ती मिळाली की शटलचा पहिला थांबा चालत जाण्याच्या अंतरावर असतो, आणि तेथील काही जागांना विजेची जोडणीही आहे. गाडीने येणाऱ्याने सकाळी लवकर वाहनतळ गाठला नाही, तर स्प्रिंगडेल गावात गाडी लावून गावाच्या शटलने यावे लागते. व्हर्जिन नदीच्या पाण्यातून चालत जाण्याची नॅरोजची वाट असो किंवा २०२२ पासून परवाना सक्तीचा झालेली एंजल्स लँडिंगची, पहाटे निघणाऱ्याचा फायदा असतो, आणि तो फायदा येथे आर.व्ही.वाल्याचा आहे.

ब्राइसची वरची कड सुमारे ८,००० ते ९,००० फुटांवर आहे. सिंहगडाला किंवा राजगडाला आधी दम लागतो आणि परतीला उतार मिळतो. ब्राइसला नेमके उलटे आहे. क्वीन्स गार्डन आणि नावाहो लूप जोडून होणारी सुमारे ३ मैलांची वाट आधी लाल सुळक्यांमध्ये खाली उतरवते आणि सगळा चढ शेवटी, विरळ हवेत, वसूल करते. आई-वडील सोबत असतील तर हे आधी सांगावे. उंचीमुळेच एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये येथे रात्री पाणी गोठते. आर.व्ही.वाल्याला त्या रात्री हीटरसाठी प्रोपेन गॅस आणि बॅटरी दोन्ही जपाव्या लागतात, शिवाय उद्यानातील दोन्ही कॅम्पग्राउंडमध्ये वीज-पाण्याची जोडणी नाही. दिवसा २३ फूट वा त्याहून लांब वाहनांना शटलच्या वेळेत मुख्य अॅम्फिथिएटरच्या (सुळक्यांनी भरलेल्या अर्धगोल खोलगट भागाच्या) कडेवरील वाहनतळांवर थांबता येत नाही. शटलने काम भागते. पण सूर्योदय गाठण्याच्या दृष्टीने गाडी बरी.

ब्राइसहून कॅपिटल रीफकडे जाणारा १२ क्रमांकाचा रस्ता हा या फेरीतील सर्वांत देखणा तुकडा आहे, आणि माझ्या मते येथे चालकावर सर्वाधिक अन्याय आर.व्ही. करते. एस्कलांटे आणि बोल्डर यांच्या दरम्यान ‘हॉग्जबॅक’ नावाची अरुंद धार लागते. दोन्ही बाजूंना दरी आणि मधून दोन पदरी रस्ता. आर.व्ही. तेथून जाते, मनाई नाही. पण वाऱ्याने हलणारे उंच वाहन सांभाळणाऱ्याच्या वाट्याला डांबर आणि पांढरी रेघ यांखेरीज फारसे काही येत नाही.

मग कॅपिटल रीफमधले फ्रूटा येते आणि आर.व्ही. सगळी भरपाई करते. मॉर्मन पंथाच्या वसाहतकारांनी लावलेल्या फळबागांमध्ये, लाल कड्यांच्या पायथ्याशी, ७१ जागांचे कॅम्पग्राउंड आहे. हंगामात बागेतली फळे शुल्क देऊन तोडता येतात आणि जवळच्या गिफर्ड हाउसमध्ये फळे भरून भाजलेला ‘पाय’ (pie) विकत मिळतो. गाडीने येणाऱ्याला मुक्कामासाठी टॉरी गावात परत जावे लागते, आणि संध्याकाळी कड्यांवरचा प्रकाश उतरत असताना निघावे लागणे हा तोटा कोणत्याही तक्त्यात मांडता येत नाही.

आर्चेस आणि कॅनियनलँड्स यांच्या जवळचे गाव असलेल्या मोअॅबमध्ये पुन्हा चित्र पालटते. आर्चेसच्या डेव्हिल्स गार्डनमध्ये जेमतेम ५१ जागा आहेत. कॅनियनलँड्सच्या विलो फ्लॅटमध्ये फक्त १२, त्याही २८ फुटांच्या आतील वाहनांसाठी, आणि तेथे पाणी नाही. या जागा हुकल्या, आणि त्या बहुधा हुकतात, की गावातील खासगी आर.व्ही. पार्कमध्ये राहावे लागते. दोन्ही उद्यानांत शटल नाही. म्हणजे कॅनियनलँड्समधील मेसा आर्च या खडकाच्या कमानीखालून सूर्योदय पाहायचा, तर पहाटे अंधारात पाण्याची नळी, विजेची तार आणि सांडपाण्याचा पाइप सोडवून, कपाटे बंद करून, अख्खे घर घेऊन निघायचे. परतल्यावर तेच सगळे पुन्हा जोडायचे. दुसऱ्या दिवशी डेलिकेट आर्चसाठी पुन्हा तेच. ती जाऊन-येऊन ३ मैलांची वाट उघड्या खडकावरून, सावलीविना जाते. उन्हाळ्यात तेथे पारा ३८ अंश सेल्सिअसवर जातो, त्यामुळे उशीर परवडत नाही. कच्च्या रस्त्यांचा प्रश्न दोघांनाही आहे, कारण भाड्याच्या साध्या गाडीलाही करारानुसार ते सहसा वर्ज्य असतात. शेफर ट्रेल या कच्च्या रस्त्यासाठी मोअॅबमध्ये एका दिवसाची जीप घेणे हाच मार्ग. पुढे मॉन्युमेंट व्हॅलीपर्यंत जाणार असाल, तर तेथील १७ मैलांच्या कच्च्या फेरीवर आर.व्ही.ला प्रवेश नाही. तेथील मूळ रहिवासी नावाहो जमातीच्या वाटाड्याच्या वाहनातून जावे, आणि ते तसेही अधिक चांगले.

खर्चाकडे येताना आधी इंधन पाहू. ही फेरी आतल्या भटकंतीसह सुमारे १,२०० मैल होते. गॅलनमागे १० मैल देणाऱ्या आर.व्ही.ला १२० गॅलन लागतात, तर २७ मैल देणाऱ्या एस.यू.व्ही.ला सुमारे ४४. त्यावर आर.व्ही.च्या करारात मैलागणिक आकार, जनरेटरचा तासागणिक आकार, अंथरुण-भांड्यांचा संच आणि टाक्या रिकाम्या न करता परत दिल्यास दंड अशी कलमे असतात. नुसता दररोजचा दर पाहून निर्णय घेऊ नये. दोघांच्या प्रवासात आर.व्ही. महागच पडते. पाच-सहा जण असतील आणि मोटेलच्या दोन खोल्या लागणार असतील, तर मात्र दोन्ही आकडे जवळ येऊ लागतात. प्रवेशशुल्क दोन्हीकडे सारखे. भारतातून आलेल्या पाहुण्यांसाठी एवढे लक्षात ठेवावे, की १ जानेवारी २०२६ पासून झायन आणि ब्राइस धरून अकरा उद्यानांत, वार्षिक पास नसल्यास, १६ वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या अनिवासी व्यक्तीला माणशी १०० डॉलर जादा द्यावे लागतात. अनिवासींसाठी वार्षिक पास २५० डॉलरचा आहे, रहिवाशांसाठी ८० डॉलरचा.

जेवणाच्या बाबतीत आर.व्ही.ची बाजू निर्विवाद आहे. एस्कलांटे, टॉरीसारख्या गावांत उपाहारगृहे मोजकी, त्यातली काही लवकर बंद होणारी, आणि शाकाहारी माणसाच्या वाट्याला चीजचे सँडविच. आर.व्ही.त प्रोपेनची शेगडी आणि फ्रीज असतो, त्यामुळे कुकर लावून वरण-भात आणि भाजी सहज होते. फोडणी मात्र बाहेरच्या टेबलावर वेगळ्या शेगडीवर द्यावी. आतला धुराचा अलार्म मोहरी तडतडायच्या आधीच तडतडतो. मिक्सर आणि मायक्रोवेव्हला जोडणी किंवा जनरेटर लागतो, आणि कॅम्पग्राउंडमध्ये जनरेटरच्या वेळा ठरलेल्या असतात, काही ठिकाणी तो चालतच नाही. चटण्या आणि दाण्याचे कूट घरूनच न्यावे.

वयस्कर माणसांच्या दृष्टीने स्वतःचे शौचालय सोबत असणे ही मोठी सोय आहे. रस्त्यावर गावे विरळ आहेत आणि ‘पुढे थांबू’ हे उत्तर येथे अनेकदा तासाभराचे ठरते. पण चालकाच्या वरचा पलंग त्यांच्यासाठी नाही, जेवणाच्या टेबलाचा रोज रात्री पलंग करावा लागतो, आणि शौचालयाची टाकी डंप स्टेशनवर कोणीतरी रिकामी करायची असते. ते कोणी, हे घरातून निघण्यापूर्वी ठरवावे.

पाचही उद्याने सात-आठ दिवसांत करायची असतील, तर मी गाडी आणि मोटेलच सुचवेन. मुले सोबत असतील, दहा दिवस हाताशी असतील आणि झायन, फ्रूटा, मोअॅब अशा तीनच मुक्कामांवर समाधान असेल, तर आर.व्ही. घ्यावी आणि मोअॅबच्या दिवसांपुरती एक लहान गाडी वेगळी घ्यावी. दोघेच जण असतील तर कॅम्पर व्हॅनचा विचार करावा. बरीचशी मॉडेले बोगद्याच्या मापात बसतात, मात्र आरशांसह रुंदी विचारून घ्यावी. आर.व्ही.चा निर्णय झाल्यास आधी कॅम्पग्राउंडची जागा धरावी आणि मगच वाहन. उद्यानांतील बरेच आरक्षण सहा महिने आधी खुले होते, प्रत्येक जागेपुढे वाहनाची कमाल लांबी लिहिलेली असते, आणि २५ फूट घ्यायची की ३० हे त्या आकड्यावरूनच ठरते.