जिमखाना बघून कॉलेज निवडताय? कपाटातल्या ट्रॉफ्या नंतर मोजा

भाची खो-खो खेळते, बारावी झाली, आता डिग्रीला स्पोर्ट्स कोट्यातून दोन कॉलेजं हातात आहेत. दोन्हीकडे तिच्यासोबत जाऊन आलो. नावं मुद्दाम टाकत नाही.

पहिल्या कॉलेजात शिरल्या शिरल्या काचेचं कपाट, ट्रॉफ्यांना जागा नाही. नीट वाचलं तर बऱ्याचशा क्रिकेटच्या, आणि त्यातल्या निम्म्या तरी आत्ताचे स्पोर्ट्स डायरेक्टर यायच्या आधीच्या. मग त्यांच्या नावावर काय धरायचं? आणि नंतरची मेडलं आणणारी पोरं तरी क्लबात घडलेली, दादर-परळच्या मैदानांवर लहानपणापासून घाम गाळून आलेली, कॉलेजने अॅडमिशन दिली आणि आंतरकॉलेजचा फॉर्म भरला एवढंच. कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या नॅकला मेडलं दाखवावी लागतात ना, मग तयार प्लेयर उचलणं सगळ्यात सोपं.

दुसरीकडे कपाट अर्धं रिकामं. पण तिथल्या स्पोर्ट्स डायरेक्टर मॅडम आल्यापासून मुलींचे संघ वाढलेत, खो-खोचा संघ त्यांनीच शून्यातून उभा केला, खो-खो कधी न खेळलेल्या मुली घेऊन. झोनमध्येच, म्हणजे आंतरकॉलेजच्या सुरुवातीच्या टप्प्यातच, हरतात अजून, मान्य. पण डायरेक्टरचं काम म्हणतात ते मला इथे दिसलं, तिकडे नाही.

अमेरिकेत कॉलेजच्या अॅथलेटिक डायरेक्टरला मोजायला उघड आकडे तरी असतात. १९९३-९४ पासून कॉलेजांची क्रमवारी लावणारा डायरेक्टर्स कप आहे, त्यात एकाच खेळावर भागत नाही, बऱ्याच खेळांचे गुण धरतात. शिवाय एपीआर, म्हणजे संघातली मुलं अभ्यासात किती टिकून आहेत याचे गुण, त्यात संघ १००० पैकी ९३० च्या खाली गेला तर सीझननंतरच्या स्पर्धेला मुकायची वेळ येते. आपल्याकडे असलं काही बोर्डावर लागत नाही, म्हणून सीनियर मुलींनाच गाठायचं.

मी दोन गोष्टी विचारल्या. मॅचच्या दिवसांची हजेरी मिळते का, कारण ७५ टक्क्यांची अट आहे आणि डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव आलं की खेळाडू बिळाडू कोणी बघत नाही. पहिल्या कॉलेजात मुली म्हणाल्या आमचं आम्हीच प्रोफेसरांच्या मागे फिरतो, दुसऱ्यात मॅडम स्वतः लेटर घेऊन स्टाफरूममध्ये जातात. दुसरं म्हणजे जिमखाना फी जाते कुठे, ती तर सगळेच भरतात. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर असतात, मातीतल्या सवयीने तिथे डाइव्ह मारली की कोपर सोलून निघतं, आणि मॅट दोघांकडेही नाही. दुसऱ्या कॉलेजवाल्या निदान मोठ्या स्पर्धेआधी बाहेर मॅटवर सराव लावतात, भाडं जिमखान्यातून.

मुलगा क्रिकेटवाला असता तर डोळे झाकून पहिलं सांगितलं असतं, तिथे नेट्स आणि कोच खरंच चांगले आहेत. भाचीसाठी दुसरं. फक्त मॅडम परमनंट आहेत की करारावर, हे फी भरायच्या आधी कळायला हवं, कारण त्या गेल्या तर तिथे बाकी काहीच नाही.